कुत्र्याला छळणारं पोर : नुसती खोडी, की घरातल्या दुखण्याची खूण?

दिवाळी आली की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठरलेला व्हिडिओ फिरतो. कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधलेली असते, कुत्रं जीव घेऊन पळत असतं आणि मागं पोरं हसत असतात. त्याखाली दोन तऱ्हेची मतं पडतात. एक म्हणतो, ‘लहान पोरं आहेत, आपण लहानपणी काय कमी केलं?’ दुसरा म्हणतो, ‘आज कुत्रं, उद्या माणूस. हे पोर पुढं खुनी निघणार.’

दोघंही ठामपणे बोलतात. पण या विषयावर आजवर जो अभ्यास झाला, तो दोघांनाही पुरता दुजोरा देत नाही.

‘खुनी निघणार’ हे आलं कुठून?

1963 साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक लेख लिहिला. जीवे मारण्याची धमकी दिलेल्या सुमारे शंभर रुग्णांना त्यांनी तपासलं होतं. त्यातल्या काहींच्या लहानपणात तीन गोष्टी त्यांना दिसल्या : अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि जनावरांना छळणं. ही तीन लक्षणं पुढं सिनेमात आणि गुन्हेगारीवरच्या पुस्तकांत इतकी गाजली, की लोक ती पक्की धरून चालले. नंतरच्या अभ्यासांत मात्र त्यांना ठोस आधार मिळाला नाही. अंथरूण ओलं करण्याचा आणि खुनाचा तर काही संबंधच निघाला नाही.

1999 साली अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जनावरांच्या छळाचा खटला झालेले 153 लोक आणि त्यांच्याच शेजारपाजारचे 153 लोक यांची त्यात तुलना केली होती. छळ करणाऱ्यांपैकी 70 टक्के लोकांवर दुसऱ्या कुठल्या तरी गुन्ह्याची नोंद होती, शेजाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 22 टक्के होतं. म्हणजे संबंध आहे. पण ‘आधी जनावर, मग माणूस’ अशी पायरी दिसली नाही. काहींनी माणसाला आधी मारलं होतं, जनावराला नंतर. सरळ भाषेत सांगायचं, तर कुत्र्याला छळणारा प्रत्येक पोरगा गुन्हेगार होत नाही. पण ज्याचं काही बिघडलंय, त्याचं बिघडणं जनावरावरही निघतं.

डॉक्टरही तसंच मानतात. मुलांच्या गंभीर वर्तन-विकाराच्या लक्षणांत जनावरांवरच्या क्रौर्याचा समावेश 1987 पासून आहे. पण ते 15 लक्षणांपैकी एक आहे. वर्षभरात किमान तीन लक्षणं दिसली, तरच त्या आजाराचा विचार होतो. म्हणजे दुर्लक्षही करायचं नाही आणि एका व्हिडिओवरून पोरावर शिक्काही मारायचा नाही.

खोडी कुठं संपते?

चतुराच्या शेपटीला दोरा बांधणं, सरड्याला दगड मारणं, बेचकीनं पाखरू पाडणं, हे गावात वाढलेल्या बहुतेकांनी केलंय किंवा पाहिलंय. चार-पाच वर्षांचं पोर मांजराचं पिल्लू आवळून धरतं, कारण त्याला दुखतं हेच त्याला कळत नसतं. सांगितलं की कळतं आणि बहुतेक पोरं थांबतात. त्याला क्रौर्य म्हणता येत नाही.

काळजी कधी करायची? वय वाढलं, समजावून झालं, तरी पोर तेच करत राहतं तेव्हा. जनावर ओरडलं की थबकण्याऐवजी त्याला मजा येते तेव्हा. चारचौघांत नाही, तर एकटं, लपूनछपून करतं तेव्हा. किड्या-मुंगीवरून कुत्र्या-वासरावर जातं, किंवा घरच्याच लाडक्या जनावराला इजा करतं तेव्हा. आणि त्यासोबत शाळा बुडवणं, लहान भावंडांना मारणं, चोरी, आग लावणं असंही काही दिसतं तेव्हा. यातलं एखादंच असेल तर लक्ष ठेवावं. दोन-तीन एकत्र असतील तर थांबू नये.

टोळक्यातल्या पोराची गोष्ट थोडी वेगळी असते. चौघं हसतात म्हणून पाचवा दगड उचलतो. आता तर हसणाऱ्यांत मोबाईलचा कॅमेराही आला. व्हिडिओला बघणारे मिळतात, म्हणूनही काही प्रकार होतात. 2016 च्या जुलैमध्ये चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं कुत्रीला गच्चीवरून खाली फेकलं आणि मित्रानं ते चित्रित केलं. कुत्री वाचली, दोघांना अटक झाली. ती काही अडाणी पोरं नव्हती, डॉक्टर होणारी होती. शिक्षणानं दया आपोआप येत नाही, ती वेगळी शिकवावी लागते.

पोर शिकतं कुठं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी भरवतात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन मिरवतात. जनावर घरातलंच माणूस आहे, हे आपण पोराला असं शिकवतो. पण वर्षाचे उरलेले दिवस तेच पोर पराणीचं टोक बैलाच्या अंगात रुतताना बघत असतं. सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 रोजी बैलगाडा शर्यतींना परवानगी कायम ठेवली, पण शर्यतीच्या नियमांत चाबूक, टोचणी आणि विजेचा झटका यांना बंदी आहे. घाटात नियम पाळला जातो की नाही, हे कठड्यावर बसलेलं पोरही बघत असतं. आपण सांगतो ते पोरं विसरतात, करतो ते उचलतात.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात 1983 साली 53 कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या घरांत मुलांचा छळ किंवा हेळसांड होत होती आणि घरात पाळीव जनावरंही होती. ज्या घरांत मुलांना मारहाण होत होती, त्यातल्या 88 टक्के घरांत जनावरांचाही छळ होत होता. अभ्यास तिकडचा असला, तरी ओळख पटायला वेळ लागत नाही. बाप दारू पिऊन येतो, आईला मारतो, पोराला मारतो. पोराला उलटा हात उचलता येत नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर, म्हणजे दारातल्या कुत्र्यावर निघतं. कधी त्या पोराला घराबाहेरचं कुणी त्रास देत असतं आणि ते त्याला सांगताही येत नसतं.

म्हणून ‘हा पुढं काय होईल’ याच्या आधी ‘याच्यावर आत्ता काय गुदरतंय’ हे विचारणं गरजेचं आहे.

कुत्र्यांचा त्रासही खरा आहे

भटक्या कुत्र्यांनी शेळी-करडं फाडली, लेकरांना चावली, हे प्रकार गावाला नवे नाहीत. लोकांचा राग खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वसाधारण कुत्र्यांना निर्बीजीकरण आणि लस देऊन त्याच भागात सोडायला सांगितलं, पण पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळलं. त्यावर वाद होत राहतील. पण कुत्र्यांचा बंदोबस्त हे ग्रामपंचायतीचं आणि प्रशासनाचं काम आहे, पोराच्या हातातल्या दगडाचं नाही. उलट डिवचलेलं कुत्रं आधी पोरालाच चावतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करावी.

कायदा काय म्हणतो?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. आज त्यात धड नाश्ता होत नाही. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार जनावराला मारून टाकलं किंवा निकामी केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सात वर्षांखालच्या मुलावर गुन्हा होत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला कितपत समज होती, ते बघितलं जातं. 18 वर्षांखालचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. आणि ग्रुपवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. अशा मुलाची ओळख उघड करणं हाच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोराचा चेहरा दिसणारा व्हिडिओ ‘धडा शिकवायला’ पुढं पाठवणारा स्वतःच अडचणीत येऊ शकतो.

मग करायचं काय?

आधी जनावर सोडवावं. मग पोराला बाजूला घेऊन शांतपणे विचारावं, ‘का केलंस?’ चौकात त्याला बडवू नये. मारून दया शिकवता येत नाही, जास्त ताकदवाल्यानं कमी ताकदवाल्याला मारायचं असतं एवढंच पोर त्यातून शिकतं. त्यापेक्षा घरच्या वासराला पाणी पाजणं, शेळीला पाला टाकणं, असं एखादं काम मोठ्यांनी सोबत राहून त्याच्याकडं द्यावं. पण ज्यानं मुद्दाम इजा केली आहे, त्याला जनावरासोबत एकटं ठेवू नये.

प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल, तर वर्गशिक्षक, आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेच्या कानावर घालावं. मानसिक त्रासासाठी टेलिमानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. घरात पोराला मारहाण होत असल्याचा संशय असेल, तर 1098 या बाल मदत क्रमांकावर शेजारीही फोन करू शकतो, त्यासाठी नात्यातलंच असावं लागत नाही.

यंदाच्या दिवाळीतही तो व्हिडिओ येईल. तो पुढं ढकलायला एक बोट लागतं आणि 1098 लावायलाही तेवढंच लागतं.