माग घरचा, मालकी परक्याची

पुन्हा पुन्हा वापरता येतील असे वेब कंपोनंट रचणारे आणि घरून काम करणारे डेव्हलपर हवेत, अशा जाहिराती सॉफ्टवेअर कंपन्या सर्रास देतात. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी कंपनीचे हे काम भिवंडीतील सुशिक्षित तरुण स्वतःच्या खोलीत बसून करू शकतो. गाव सोडावे लागत नाही, लोकलची धक्काबुक्की चुकते. या सोयींना नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु या भरतीमागचा करार कोणत्या जातीचा आहे, हे तपासण्यास भिवंडीइतके योग्य गाव दुसरे नाही.

भिवंडीच्या यंत्रमाग उद्योगाचा मोठा भाग मजुरीच्या विणकामावर उभा आहे. व्यापारी सूत देतो. मागवाला कापड विणून परत करतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. माग, जागा, विजेचे बिल आणि मंदीची झळ मात्र मागवाल्याची, आणि अखेरीस मागावर उभ्या असलेल्या कामगाराची. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. विणकाम गिरण्यांकडून यंत्रमागाकडे सरकण्याची प्रक्रिया त्यापूर्वीच सुरू झाली होती. संपकाळात तिला वेग आला. एका फाटकातून आत जाणारा कामगार असंख्य लहान शेडांत विखुरला की त्याची संघटना दुबळी होते, हा त्या काळाचा धडा आहे. घरून काम करणारा डेव्हलपर ही त्या विखुरण्याची परिसीमा होय.

तथापि यंत्रमाग आणि कंपोनंट यांत एक मूलभूत फरक आहे. कापडाचा तागा एकदाच विकला जातो आणि वापराने झिजतो. तारीख निवडण्याची चौकट किंवा पैसे भरण्याचा अर्ज एकदा रचला, की तो शेकडो पानांत जसाच्या तसा बसतो आणि झिजत नाही. अशा लहान तुकड्यांवर किती मोठा डोलारा उभा असतो, हे मार्च २०१६ मध्ये जगाला दिसले. एका प्रोग्रॅमरने अवघ्या अकरा ओळींचा तुकडा सार्वजनिक भांडारातून काढून घेताच हजारो प्रकल्पांची जुळणी अडली. श्रम एकदाच झाले, उपयोग मात्र अगणित वेळा होत राहिला. मोबदला एकदाच आणि लाभ कायमचा, असा हा व्यवहार आहे.

येथेच कायद्याचा प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, मालकवर्ग असतो. काम करणारा स्वतंत्र कंत्राटदार असेल, तर प्रोग्रॅमचा पहिला मालक सामान्यतः तो स्वतः असतो. म्हणून कंत्राटी भरतीत त्याच्याकडून सर्व हक्क आधीच लिहून घेतले जातात. भविष्य निर्वाह निधी, रजा, नुकसानभरपाई यांचा विषय निघाला की तो नोकर नसतो; मालकी सांगण्याची वेळ आली की त्याला नोकराच्या जागी बसवले जाते. मालकाचे हक्क हवेत आणि मालकाची कर्तव्ये नकोत, हा या कराराचा गाभा आहे.

बाजारात जोखीम कंपनी घेते आणि सुटा तुकडा एकट्याने निरुपयोगी असतो, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. म्हणून कंपोनंट अडवून धरण्याची मागणी कोणी करू नये. परंतु पुनर्वापराची किंमत वेगळी ठरू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे लेखक व संगीतकार यांना, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज होणाऱ्या वापराच्या रॉयल्टीतील वाटा निर्मात्याला लिहून देता येणार नाही, असे संरक्षण दिले. गीताला जो न्याय मिळाला तो प्रोग्रॅमला का नाही, हे विचारलेच पाहिजे.

सामाजिक सुरक्षेचा मार्ग महाराष्ट्राने पूर्वीच दाखवला आहे. माथाडी कामगार अनेक व्यापाऱ्यांचे काम करतो, तेव्हा त्याचा मालक कोण, हा पेच १९६९ च्या कायद्याने मंडळे स्थापून सोडवला. मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत आणि तीवर मालकांकडून लेव्ही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. मालकाच्या कामाच्या ठिकाणाबाहेर, स्वतःच्या घरातून वस्तू वा सेवा निर्माण करणारा तो गृहाधारित कामगार, अशी तिची व्याख्या आहे. साधने कोण पुरवतो याला तीत महत्त्व नाही. डेव्हलपर या व्याख्येत येतो, असा आग्रह धरता येईल. परदेशी कंपनीवर लेव्ही बसवणे अवघड आहे. म्हणून आरंभ देशी कंपन्या आणि मध्यस्थांपासून करावा. घरकामगिरीविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने मान्य केलेला नाही, तोही करून घेतला पाहिजे.

संगणकावर काम करणारा तरुण स्वतःला कामगार मानत नाही, ही कार्यकर्त्यांची नेहमीची तक्रार आहे. त्याला व्याख्याने देऊन उपयोग नाही. सही करण्यापूर्वी त्याचा करार त्याच्यासोबत बसून वाचावा: हक्क कोणाकडे जातात, बिल किती दिवसांत मिळते, काम अचानक बंद झाल्यास काय मिळते, आजारपणात खर्च कोणाचा. दहा जणांचे करार एकत्र वाचले गेले, की दहा खोल्यांतील एकटेपण कमी होईल. भिवंडीत संघटनेची सुरुवात तेथून होऊ शकते.