परदेशी निघालेल्या आजी-आजोबांची पूर्वतयारी

वणी-दिंडोरी परिसरातील द्राक्षबागायतदारांच्या घरांतून आज कुणाचा मुलगा दुबईस, तर कुणाची लेक अमेरिकेस स्थायिक झालेली आढळते. नातवंडाचे मुख पाहण्यासाठी सत्तरी ओलांडलेली माणसे आयुष्यात प्रथमच विमानात बसतात. प्रवासाच्या दगदगीपेक्षा विमानतळावरील तपासणीचेच दडपण त्यांच्या मनावर अधिक असते आणि ते रक्तदाबात उमटतेही. हे दडपण बव्हंशी घरीच दूर करता येते.

आधार कार्ड दाखवून ओझरहून विमानप्रवास केलेल्या ज्येष्ठांना परदेशीही तेच चालेल असे वाटते. नेपाळ-भूतानचा अपवाद सोडला तर ते चालत नाही, पासपोर्टच हवा. अनेक देशांना तो प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने वैध असावा लागतो. तिकीट बहुधा मुले तिकडूनच काढतात आणि आईचे नाव सवयीने लिहितात. पासपोर्टावर माहेरचे नाव, तिकिटावर सासरचे, असे झाले तर खिडकीवरच अडवणूक होते. म्हणून तिकीट हाती येताच त्यावरील नाव पासपोर्टाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे.

आता औषधांविषयी, कारण खरा धोका येथेच आहे. सगळी औषधे मोठ्या बॅगेत भरून देण्याची आपल्याकडील रीत मला मुळीच पसंत नाही. ती बॅग उशिरा पोहोचली, तर हृदयविकाराच्या रुग्णाने दोन दिवस काय करावे? विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. म्हणून औषधे, इन्सुलिन व सुया मूळ वेष्टनासह हातातील पिशवीत ठेवाव्यात आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी असावी. एरवी द्रवपदार्थांची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी चालत नाही. आवश्यक औषधांना सूट मिळते, मात्र ती तपासनिसांस आधी दाखवावी लागतात. दुबईस जाणाऱ्यांनी विशेष जपावे. ट्रॅमाडॉल वा कोडीनयुक्त वेदनाशामके तेथे नियंत्रित आहेत. पूर्वपरवानगीवाचून ती नेऊ नयेत.

खसखशीचेही तसेच. संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापुरात ती निषिद्ध आहे, तेव्हा लेकीसाठी केलेले अनारसे घरीच खाऊन जावेत हे बरे! गडावरील प्रसादाचे सुके खोबरेही तेलकट, म्हणून ज्वलनशील समजले जाते. ते हातातील पिशवीत नेता येत नाही; मोठ्या सामानात ठेवण्यापूर्वी विमान कंपनीस विचारावे.

गुडघ्याचे सांधे बदललेले असतील तर तपासणीच्या चौकटीतून जाताना घंटी वाजेल. त्याने घाबरून जाऊ नये. 'गुडघ्यात धातू आहे' एवढे सांगावे. पेसमेकर असलेल्यांनी त्याचे कार्ड जवळ बाळगून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी आणि हातातील यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये. स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्त्री कर्मचारीच करतात, हे आजींना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर त्या उगाच संकोचतात.

मातीत राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. अनेक देशांत उतरल्यावर ठसे घेतले जातात, तेव्हा महिनाभर आधीपासून रात्री बोटांना खोबरेल वा व्हॅसलीन चोळावे. ठसा उमटेना, तर शांतपणे पुन्हा बोट टेकवावे.

चाकाची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. मुंबईच्या विमानतळावर चालावे लागणारे अंतर दम्याच्या वा संधिवाताच्या रुग्णास झेपणारे नसते. ती किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवावी. उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचायचे, त्यात वणीहून नाशिक, पुढे कसारा घाट. म्हणजे मधुमेही व्यक्तीची जेवणाची वेळ मोटारीतच येणार. तेव्हा दशम्यांचा डबा आणि पाणी हाताशी असू द्यावे. लघवीची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.