शहाण्यांनीं चढावयाची पायरी

आपल्या घरांतून वडील माणसें मुलांना ज्या म्हणी न शिकवितां शिकवितात, त्यांत 'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही एक प्रमुख आहे. तिच्या पोटांतच पोलीस ठाण्याची पायरीहि येते. फिर्यादी, वकील आणि तारखा यांच्या फेऱ्यांत वडिलार्जित जमिनी व घरें नाहींशीं झालेलीं ज्या पिढ्यांनीं पाहिलीं, त्यांचा अनुभव या म्हणींत सांठला आहे, आणि तो खोटा नाहीं. भाऊबंदकीच्या दाव्यापुरतें हें वचन कोणीहि शिरोधार्य मानावें. परंतु खाजगी भांडणापुरता असलेला हा शहाणपणा आम्ही हळूहळू सार्वजनिक कर्तव्यालाहि लावूं लागलों. पोलिसांच्या नोकरीविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचे योजिले आहेत, त्यांचा आरंभ म्हणूनच या म्हणीपासून करणें प्राप्त आहे.

महाराष्ट्र पोलीस दलाचें ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असें आहे. ठाण्याच्या पाटीवर आणि गाड्यांवर तें आपण नित्य पाहतों, परंतु क्वचितच वाचतों. दोन्ही पदें षष्ठीतत्पुरुष समास असून दोन्ही चतुर्थी विभक्तींत आहेत. ही चतुर्थी प्रयोजन दाखविणारी आहे: सज्जनांच्या रक्षणासाठीं आणि दुर्जनांच्या निग्रहासाठीं. यांत रक्षण आधीं आलें आहे व निग्रह मागून, हें एक. दुसरें असें कीं, या ब्रीदांत क्रियापद नाहीं आणि कर्ताहि नाहीं. कर्ता पोलीस, असें आपण अध्याहृत धरतों. व्याकरण मात्र तशी सक्ति करीत नाहीं. हें काम कोणीं करावयाचें तें ब्रीदकारानें मोकळें ठेविलें आहे.

रक्षणाचा हा अग्रक्रम आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील चौथ्या अधिकरणाचें नांव 'कंटकशोधन'. कांटे म्हटले कीं चोर-दरोडेखोर डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु त्या अधिकरणाचा आरंभ होतो तो कारागीर व व्यापारी यांच्या लबाडीपासून प्रजेला राखण्याच्या विषयानें. त्यामागून अग्नि, पूर, रोगराई व दुर्भिक्ष यांचा प्रतिकार येतो. गुप्त मार्गांनीं जगणारे लोक, संशयितांस धरणें, अकस्मात् मृत्यूची तपासणी हे विषय त्यानंतरचे. आणि पुढें खुद्द राज्याच्या अधिकाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें, यासाठींहि एक प्रकरण राखून ठेविलें आहे. आपल्या राज्यांत लागू असलेल्या १९५१ च्या पोलीस कायद्याचें ६६ वें कलम पाहिलें तर तेथेंहि हाच सूर आढळतो. रस्त्यांत असहाय पडलेल्या माणसाला साहाय्य करणें, कोठडींतील आजाऱ्यास वा जखमीस उपचार मिळवून देणें, आगीनें होणारी हानि टाळणें, हीं पोलिसाचीं जनतेप्रत कर्तव्यें म्हणून त्यांत सांगितलीं आहेत.

आमच्या खानदेशास या बाबतींत स्वतंत्र इतिहास आहे. १८१८ सालीं पेशवाई संपून हा प्रांत इंग्रजांकडे आला, तेव्हां सातपुडा व सातमाळा येथील भिल्लांचा बंदोबस्त फौजेच्या बळावर करण्याचा खटाटोप कित्येक वर्षें चालला आणि तो फसला. हेच भिल्ल पूर्वीं गांवोगांवचे जागले होते. घाटवाटा राखण्याबद्दल त्यांचे ठराविक हक्क असत. धामधुमीच्या काळांत ते हक्क बुडाले आणि राखणदारच लुटारू झाले. १८२५ सालीं जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम आलें. तो त्यांच्यांत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला, आणि धरणगांवच्या ठाण्यावरून १८३५ पर्यंत त्यानें हें काम पाहिलें. राखणदारीचा मान परत हातीं येतांच त्याच माणसांनीं वाटा सुरक्षित केल्या. फौजेस जें साधलें नाहीं तें विश्वासानें साधलें, एवढी गोष्ट त्यांतून घेण्यासारखी आहे.

मात्र त्या विश्वासामागील हेतु परक्यांचें राज्य टिकविण्याचा होता, हेंहि विसरतां येत नाहीं. सेंधव्याच्या घाटांत आग्रा रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक हा सरकारच्याच चाकरींतला. परंतु १८५७ सालीं तो त्या सरकाराविरुद्ध उठला, आणि १८५८ च्या एप्रिलांत आंबापाणी येथें भिल्लांनीं इंग्रजी फौजेशीं झुंज दिली. पुढें ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा हातीं घेतलेल्या मुलांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती कामास आले. त्या दिवशीं हुकुमाची तामिली झाली. सद्रक्षण झालें असें कोण म्हणेल? आमच्या वाडवडिलांच्या मनांत खाकी पोशाखाविषयीं जो दुरावा मुरला, त्याला अशीं सबळ कारणें होतीं.

राज्य आपलें झाल्यास आतां पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं. आजच्या पोलिसांत लांच, उद्धटपणा वा मारहाण नाहीं, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु दुरावा केवळ त्याच कारणानें टिकला आहे, असेंहि मला वाटत नाहीं. माझ्या पहिल्या तुकडींतील एक विद्यार्थी शिपाई म्हणून लागला आणि दोन्ही जिल्ह्यांतील ठाण्यांतून छत्तीस वर्षें नोकरी करून फौजदार होऊन निवृत्त झाला. मध्यंतरीं तो भेटावयास आला असतां, एवढ्या वर्षांत जड काय गेलें, असें मीं त्याला विचारलें. तो जें बोलला तें येथें जसेंच्या तसें देतों.

"गुरुजी, दिवाळी घरीं केली अशीं वर्षें मी बोटांवर मोजून सांगेन. दुसऱ्यांचे गणपति बोळवायला बंदोबस्तावर उभा राहिलों, घरचा गणपति बायकोनें नि पोरानें बोळविला. त्याचें कांहीं नाहीं. तें पत्करूनच शिरलों. जड गेलें तें पंच शोधणें. चोरी व्हायची चांगल्या वस्तींत. पंचनाम्याला दोन माणसें हवींत. शेजारच्या बंगल्याची घंटा वाजवावी, तर दार अर्धेंच उघडून आंतले गृहस्थ म्हणायचे, 'अहो हवालदार, आम्हांला कशाला यांत ओढतां?' मग कोपऱ्यावरचा चहावाला नि एखादा रिक्षावाला पंच व्हायचा. तीन-चार वर्षांनीं खटला उभा राहिला, कीं त्यानें रिक्षा बंद ठेवून, दिवसाची कमाई बुडवून तारखेला यायचें. वकिलानें दोन उलटे प्रश्न विचारले कीं तो गांगरायचा. कधीं त्याला बाहेर कोणी दमहि दिलेला असायचा. सही माझी नाहीं म्हणायचा. पंच फितूर झाला असें कागदावर चढायचें आणि आरोपी सुटायचा. मग तेच बंगल्यांतले गृहस्थ मला बाजारांत विचारायचे, 'काय हवालदार, सुटला ना तुमचा चोर?'"

'तुमचा चोर' या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. चोर शिरला शेजाऱ्याच्या घरांत, भीति पसरली सगळ्या आळींत, आणि षष्ठी विभक्ति लागली ती मात्र पोलिसाला! वास्तविक झडतीच्या वेळीं पंच म्हणून त्याच वस्तींतील त्रयस्थ व प्रतिष्ठित असे निदान दोन रहिवासी बोलवावेत, असा कायद्याचा संकेत आहे. प्रतिष्ठा हा जर आपला अभिमानाचा विषय आहे, तर त्या प्रतिष्ठेकडे कायद्यानें मागितलेली ही एक लहानशी सेवा आहे. ती आपण चहावाल्यावर ढकलतों आणि तो डगमगला म्हणजे राज्याला नांवें ठेवतों.

याहून कठीण प्रसंगाचा उल्लेख करणें जिवावर येतें, पण तो टाळणें बरें नव्हे. १९९४ सालीं जळगांवचें नांव देशभर झालें तें दुःखद कारणानें. तरुण मुलींना फसवून व धाकांत ठेवून त्यांची विटंबना करण्याचे प्रकार उघडकीस आले. पुढें राज्याचे पोलीस महासंचालक झालेले अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर या अधिकाऱ्यांनीं त्या तपासांत परिश्रम घेतले. परंतु कित्येक मुली आणि त्यांच्या घरचीं माणसें पुढें येण्यास धजलीं नाहींत, आणि कित्येक खटले न्यायालयांत टिकले नाहींत. त्या मुलींना दोष देण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. प्रश्न आहे तो आपल्या घरांचा. अपराध दुसऱ्यानें करावा आणि अब्रू आपली गेली असें आईबापांनीं मानावें, ही कल्पना मुलीच्या मनांत कोणीं रुजविली? ती गप्प राहिली, कारण घरांत बोललें तर काय होईल याचा अंदाज तिला होता. अशा ठिकाणीं अत्यंत कर्तबगार अधिकाऱ्याचेहि हात बांधले जातात.

याच्या उलट बाजूचें चित्रहि आपल्यापुढें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईस गिरगांव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं, हातांत केवळ काठी असतां, हल्लेखोराच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनीं धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण ती सोडली नाहीं. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवच्या या गृहस्थास मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. त्यांच्यामुळें हल्लेखोर जिवंत हातीं लागला आणि त्याच्यावर रीतसर खटला चालवितां आला. त्या खटल्यांत, २००९ सालीं, पायाला गोळी लागलेली सुमारें दहा वर्षांची मुलगी कुबडीच्या आधारानें न्यायालयांत आली आणि तिनें आरोपीस ओळखून दाखविलें. ओंबळे यांनीं जें प्राण देऊन आरंभिलें, तें पुरें करण्यास त्या मुलीच्या साक्षीचाहि हातभार लागला. तिचे वडील सुस्थितींतले नव्हते. शहाण्यांची म्हण त्यांनाहि ठाऊक असेलच. तरी त्यांनीं मुलीला पायरी चढूं दिली.

म्हण झाली तेव्हांचे दिवस आणि आजचा कायदा यांत अंतर पडलें आहे, हेंहि घरांतील मंडळींनीं लक्षांत घ्यावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें, साक्षीदार म्हणून चौकशी करावयाची असेल तर स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना व साठ वर्षांवरील पुरुषांना ठाण्यावर येण्याची सक्ति करतां येत नाहीं. पोलिसांनीं त्यांच्या राहत्या घरीं जावें. अत्याचाराच्या खटल्याची सुनावणी बंद दाराआड होते, आणि पीडितेचें नांव प्रसिद्ध करणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात, आणि त्यांवरील अपघात आम्हां खानदेशवासीयांस परिचयाचे आहेत. जखमीला रुग्णालयांत पोंचविणाऱ्यानें स्वतःचें नांव सांगितलेंच पाहिजे अशी सक्ति नाहीं. २०१९ च्या मोटार कायद्याच्या दुरुस्तीनें त्याला संरक्षण दिलें आहे. गाडी थांबविण्याचें भय वाटण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत या कर्तव्यासाठीं माणूसहि तयार आहे. तरुणांना कचेऱ्या आहेत, सुनांना घरचे व्याप आहेत. पण निवृत्त वडील माणसापाशीं वेळ असतो, वस्तींत मान असतो, आणि वकिलाच्या दोन प्रश्नांनीं गांगरून जाण्याचें त्याचें वय उरलेलें नसतें. पंच होण्यास त्याच्याहून योग्य कोण? पुढच्या खेपेस दारावर हवालदार आला, तर दार पुरें उघडावें, त्याला बसवून पाणी द्यावें, चष्मा व लेखणी घेऊन त्याच्याबरोबर जावें. पंचनामा अक्षर न् अक्षर वाचावा; डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच त्यांत आहे कीं नाहीं तें ताडून पाहावें, अधिक-उणें असल्यास दुरुस्त करावयास सांगावें, आणि मगच सही करावी. सही केल्यावर तारीख पडेल त्या दिवशीं धोतर-सदरा घालून न्यायालयांत हजर व्हावें. त्या दिवशीं नातवंडांपैकीं एखादें कळतें पोर बरोबर न्यावें.