गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा तोंडावर आला की एसीच्या मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, मीटर लावतो आणि सांगतो, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ पैसे दिले जातात, खोली गार होते आणि विषय संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवर्षी गॅस भरणे हा देखभालीचाच भाग आहे, असा समज त्यातून घट्ट झाला आहे. तो चुकीचा तर आहेच, आता धोक्याचाही ठरू लागला आहे.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्ची पडत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. नळ्या आणि जोड शाबूत असतील तर सुरुवातीला भरलेला गॅस वर्षानुवर्षे पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे रक्तस्राव न थांबवता रुग्णाला रक्ताच्या पिशव्या चढवत राहणे.

पूर्वी ही हलगर्जी खपून जात असे. जुन्या यंत्रांतला आर-२२ सहसा पेट घेत नसे. मात्र तो ओझोनच्या थराला मारक होता, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याला टप्प्याटप्प्याने निरोप दिला. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए पृथ्वी तापवण्यात पुढे निघाला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही बंधने आणली आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आज नव्या एसीत प्रामुख्याने आर-३२ आणि काहींत आर-२९० असतो. हवामानासाठी दोन्ही बरे, पण दोन्ही ज्वलनशील. आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचाच एक घटक.

म्हणून घाबरून एसी काढून टाकण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातल्या अनेक नव्या फ्रिजमध्येही थोडा ज्वलनशील वायू असतोच. प्रश्न प्रमाणाचा आणि जागेचा आहे. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. आर-२९०चा ३५० ग्रॅम वायू तीत एकसारखा पसरला, तर प्रत्येक घनमीटरमध्ये १० ग्रॅमच्या आसपास भरतो. पेट घ्यायला साधारण ३८ ग्रॅम लागतात. पण हा वायू हवेपेक्षा जड आहे. पंखा बंद असेल, दारे-खिडक्या लावलेल्या असतील आणि तो जमिनीलगतच्या दीड फुटात साचला, तर प्रमाण ६५ ग्रॅमच्या पुढे जाते. मच्छर अगरबत्ती आणि समई याच उंचीवर जळतात, अनेक घरांत मुलेही तिथेच गादीवर झोपतात. सिलिंडरच्या वायूला मुद्दाम घातलेला वास असतो, एसीतल्या वायूला तो नसतो.

आर-३२ एवढ्या सहजी पेटत नाही, खोलीभर पेट घेण्याइतका तो साचणेही अवघड. मात्र गळतीच्या तोंडाशी ज्योत किंवा ठिणगी असेल तर तो जळतो आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. नाक, घसा आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते. सुरुवातीला फक्त खोकला येतो, डोळे चुरचुरतात, पण फुप्फुसांत पाणी काही तासांनंतरही साचू शकते. त्यामुळे असा धूर छातीत गेलेल्याला बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे आणि ‘एसीचा गॅस जळला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गळतीची बरीच बीजे बसवतानाच पेरली जातात. नळीचे तोंड घाईत पसरवलेले, नट कमी किंवा जास्त आवळलेला, घर बदलताना जुनाच जोड पुन्हा वापरलेला. किनारपट्टीची खारी हवा आणि गटारातून येणारे वायू तांबे खातात. म्हणून खोलीच्या आत जोड शक्यतो नसावा. नळी सलग असावी आणि जोड बाहेरच्या बाजूला यावा. गॅस सोडण्याआधी नळ्यांची चाचणी नायट्रोजनच्या दाबाने व्हावी. ऑक्सिजनने कधीच नाही, कारण कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. नंतर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढून, ती स्थिती टिकते का हे पाहावे. आर-२२च्या जुन्या यंत्रात ज्वलनशील वायू भरण्याचा ‘जुगाड’ तर करूच नये. त्या यंत्राचे विजेचे भाग त्यासाठी बनवलेले नसतात.

थंडावा घटणे, नळीवर बर्फ धरणे, जोडापाशी तेलकट डाग दिसणे ही गळतीची लक्षणे आहेत. शंका आली तर ज्योत विझवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, खोलीतले कोणतेही बटण न दाबता बाहेर पडावे आणि वीज बाहेरच्या मुख्य स्विचवरून बंद करावी.

यात पहिला बळी जाऊ शकतो तो गॅलरीच्या कठड्यावर उभे राहून काम करणाऱ्या मेकॅनिकचा. दिवसाला जितकी यंत्रे, तितके पैसे, या हिशेबात चाचणीला वेळ उरत नाही. मोफत बसवून देण्याची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांनी आणि विक्रेत्यांनी या वेळेचे पैसे मोजले पाहिजेत. ज्वलनशील वायूचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र नसलेल्या हातात हे काम देऊ नये, हे सरकारने बंधनकारक करावे. वायूचे नाव, त्याचे वजन आणि गळतीची जागा बिलावर लिहिलेली असावी. ग्राहकालाही यात वाटा उचलता येईल. ‘गॅस भरायचे किती?’ हे विचारण्याआधी त्याने ‘गळती कुठे सापडली?’ हे विचारावे आणि ती शोधायला लागणाऱ्या तासाभराचे पैसे देताना घासाघीस करू नये.