अपुऱ्या संकल्पांचा साठा

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि घरोघर एक जुनाच वाद नव्याने पेटतो. ट्रंकेतून लोकरीचे गुंडे, भरतकामाच्या रेशमाच्या लडी, शिवणाचे उरलेले तुकडे, कडक झालेल्या रंगाच्या ट्यूबा आणि एकही रेघ न उमटलेल्या चित्रकलेच्या वह्या बाहेर पडतात. 'हे सारे टाकून द्या,' असा तरुण पिढीचा आग्रह असतो. घरातील ज्येष्ठ स्त्री मात्र एकेक वस्तू हातात घेते, क्षणभर निरखते आणि पुन्हा ट्रंकेत ठेवते. या प्रसंगाची वासलात सहसा थट्टेत लागते. परंतु अडगळीचा प्रश्न जागेचा जितका, तितकाच मनाचाही आहे.

या संचयाचे पहिले मूळ टंचाईच्या स्मृतीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कापडावर नियंत्रण आले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला पुन्हा एकदा अभावाची धग दाखविली. ज्या घरांनी हे सोसले, तेथे चिंधीही वाया न घालविण्याचे वळण पुढच्या पिढीत उतरले. ते वळण निरर्थक नव्हते. विटलेले लुगडे गोधडीत जाई आणि ती गोधडी नातवंडाच्या अंगावर येई. आता तयार पांघरुणे आली, गोधडी शिवणारे हात थकले. जपण्याची सवय राहिली, विनियोगाची वाट मात्र बुजली.

दुसरे मूळ याहून खोल आहे. धान्य साठविणारा उद्याच्या भुकेची तरतूद करतो; रंग आणि लोकर साठविणारा उद्याच्या स्वतःची. संसार, नोकरी, मुलांच्या परीक्षा यांतून उसंत मिळाली की चित्र काढू, हा संकल्प रंगांच्या खरेदीबरोबर क्षणभर पुरा झाल्यासारखा वाटतो. म्हणून खरेदी होत राहते आणि काम तसेच राहते. शिवाय कोऱ्या कागदावर चित्र बिघडत नाही. पहिली रेघ ओढली की स्वतःच्या मर्यादा दिसू लागतात. मग उंची कागद 'चांगल्या चित्रासाठी' राखून ठेवला जातो. तो टाकून देणे म्हणजे ते चित्र आपल्या हातून होणार नाही, अशी कबुली देणे होय. इतरांना जेथे पसारा दिसतो, तेथे त्या व्यक्तीला आयुष्यातील एका शक्यतेचा निरोप घ्यावा लागत असतो.

अर्थात, प्रत्येक साठ्याला भावनेचे कवच देऊन चालणार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये अतिसंचयाला स्वतंत्र मनोविकार म्हणून स्थान दिले. निरुपयोगी वस्तूही टाकताना होणारा तीव्र क्लेश आणि राहत्या खोल्यांचा वापरच अशक्य होणे, ही त्याची लक्षणे. तेथे उपचारच हवेत. भरलेली ट्रंक म्हणजे विकार नव्हे. तथापि, दोन्ही ठिकाणी परस्पर फेकाफेक करणे हा उपाय नाही. त्याने मनातील भीती वाढते आणि घरच्यांवरचा विश्वास मात्र उडतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा सुमारे २० हजार वस्तू जमविल्या आणि बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. त्या संचयालाही शोकाची किनार होती. पण तो बंद दाराआड राहिला नाही, लोकांपुढे मांडला गेला. संग्रह आणि अडगळ यांतील भेद वस्तूंच्या संख्येत नाही, त्यांना प्रयोजन मिळाले की नाही यात आहे.

हाच निकष घरातही लावता येईल. 'हे केव्हा फेकणार?' या प्रश्नाऐवजी 'यातून काय करायचे होते?' असे विचारले, तर ट्रंक निराळी उघडेल. जे काम अजून खुणावते, त्याचे साहित्य हाताशी ठेवावे आणि आठवड्यातील एक दुपार त्यासाठी राखावी. उरलेले जवळच्या बालवाडीला किंवा शिवणवर्गाला द्यावे. आईने अर्धवट सोडलेला स्वेटर तेवढा जपून ठेवावा. आठवणीला एक कप्पा पुरतो, त्यासाठी अख्खा माळा लागत नाही. उंची कागदावर काढलेले चित्र फसले तरी बिघडत नाही. कागद कोराच पिवळा पडणे, हे त्याहून मोठे नुकसान आहे.