खोडलेला आकडा

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट आहे. अकरावींत शिकणारा माझा पुतण्या रसायनशास्त्राची वही घेऊन आला व म्हणाला, “काका, एवढें गणित तपासून द्या, उद्यां वही दाखल करावयाची आहे.” गणित पाहिलें, त्यांत चूक नव्हती. परंतु निरीक्षणांच्या कोष्टकांत तीनहि ठिकाणीं ६.५ हा आकडा खोडून त्यावर ६.७ असें लिहिलेलें होतें.

“हें काय रे?” म्हणून विचारतांच त्यानें मान खालीं घातली. हकीकत अशी होती. आमच्या स्वयंपाकघरांतील व्हिनेगरच्या बाटलीवर ‘आम्ल ४ टक्के’ असें छापलेलें आहे. तें कितपत खरें, हें कॉलेजच्या प्रयोगशाळेंत तपासण्याचें काम त्यानें हौसेनें अंगावर घेतलें होतें. तीन वेळां प्रयोग केला, तिन्ही वेळां ६.५ मिलिलिटर हाच आकडा आला, आणि त्यावरून आम्ल ३.९ टक्के निघालें. तेव्हां चिरंजीवांनीं उलटें गणित मांडलें: चार टक्के यावयास आकडा किती हवा? ६.७. मग तोच वहींत उतरला. “नाहीं तर गुण जातात, काका,” असें वर समर्थनहि झालें.

रागावण्याचें काम पुढें ढकलून प्रथम हा प्रयोग काय आहे तें पाहूं. ज्या वडील मंडळींचा प्रयोगशाळेशीं संबंध केव्हांच सुटला आहे, त्यांनाहि तो समजण्यासारखा आहे.

लग्नघरीं पंगतीला किती माणसें जेवलीं, हें मंडपांत उभें राहून मोजूं गेल्यास साधावयाचें नाहीं. कोणी उठतो, कोणी बसतो, मुलें धांवत असतात. परंतु कोठीवरच्या अनुभवी गृहस्थाला तें सहज सांगतां येतें. पत्रावळी किती आणल्या आणि किती उरल्या, हें त्याला ठाऊक असतें. आणि एका माणसास एक पत्रावळ हा नियम ठरलेला असतो. अनुमापन म्हणतात तें याहून निराळें नाहीं. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे रेणू हे पाहुणे. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, ही पत्रावळ. एकास एक असें त्यांचें प्रमाण आहे. ब्युरेट नांवाच्या, खुणा केलेल्या लांब काचनळींतून कॉस्टिक सोड्याचें द्रावण थेंब थेंब सोडावयाचें आणि शेवटच्या पाहुण्याला पान मिळालें कीं थांबावयाचें.

थांबण्याची वेळ कळते कशी? हळदीचा डाग पडलेल्या कपड्यास साबण लागतांच तो लाल होतो, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलें आहे. अल्क जवळ आल्याची वर्दी हळद रंग बदलून देते. प्रयोगशाळेंत हें काम फिनॉल्फ्थॅलीन करतें. आम्ल शिल्लक आहे तोंवर तें रंगहीन असतें. आम्ल संपून अल्काचा एखादा थेंब अधिक झाला कीं फिकट गुलाबी छटा येते. ती अर्धा मिनिट टिकली कीं तोटी बंद करून आकडा वाचावयाचा. गडद गुलाबी रंग दिसावयास सुरेख, पण तो आला म्हणजे थांबावयास उशीर झाला असें समजावें.

आतां गणित. रेणू एकेक मोजणें अशक्य, म्हणून रसायनशास्त्रज्ञ ‘मोल’ या गठ्ठ्यानें मोजतात. बारा नगांचा जसा डझन, तसा सुमारें ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतक्या रेणूंचा एक मोल. ॲसेटिक आम्लाचा एक मोल ६० ग्रॅम भरतो, सोडियम हायड्रॉक्साइडचा ४० ग्रॅम. वजनें निराळीं, संख्या तीच.

पुतण्यानें १० मिलिलिटर व्हिनेगरांत पाणी घालून १०० मिलिलिटर द्रावण केलें होतें, कारण व्हिनेगर तसेंच घेतलें असतें तर ५० मिलिलिटरची ब्युरेट पुरली नसती. त्यांतलें १० मिलिलिटर त्यानें पिपेटनें उचललें. म्हणजे मूळ व्हिनेगर अवघें १ मिलिलिटर. ब्युरेटमधील द्रावणांत लिटरमागें ०.१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड होतें. तें ६.७ मिलिलिटर लागलें असें धरा. ६.७ भागिले १०००, गुणिले ०.१, म्हणजे ०.०००६७ मोल. इतक्या पत्रावळी लागल्या, तर पाहुणेहि तितकेच. त्यांना ६० नें गुणिलें कीं ०.०४०२ ग्रॅम, हें एका मिलिलिटरांतलें आम्ल. शंभर मिलिलिटरांत ४.०२ ग्रॅम. ६.५ घेतल्यास हेंच उत्तर ३.९० येतें.

टायट्रेशन या शब्दाच्या मुळाशीं जो फ्रेंच शब्द आहे, त्याचा एक अर्थ सोन्याचांदीचा कस असा होतो. पॅरिसच्या टांकसाळीकरितां गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञानें चांदी नायट्रिक आम्लांत विरघळवून मिठाच्या द्रावणानें तिचा कस काढण्याची रीत बसविली व १८३२ सालीं ती प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं चांदी शिशाबरोबर भट्टींत तापवून कस पाहात. त्यांत थोडी चांदी नाहींशी होई आणि कस आहे त्याहून कमी ठरे. जुन्या रीतीचा हा दोष नव्या रीतीनें स्पष्ट दिसूं लागला. नवा आकडा जुन्याशीं जुळत नाहीं म्हणून कोणी तो खोडला असता, तर मात्र तो कधींच दिसला नसता.

हें सांगून झाल्यावर मीं पुतण्याला विचारलें, “पिपेट कशी धुतलीस?”

“प्रत्येक वेळीं स्वच्छ पाण्यानें. आजी सांगते ना, खरकटें भांडें पुन्हां घेऊं नये!”

मेख येथेंच होती. पाण्यानें धुतलेल्या पिपेटला आंतून थोडें पाणी चिकटून राहतें. मग दहा मिलिलिटरांत तें पाणीहि मोजलें जातें, आणि तितके पाहुणे पंगतीला कमी येतात. म्हणून पाण्यानें धुतल्यावर पिपेट ज्या द्रावणासाठीं वापरावयाची, त्याच द्रावणानें विसळावी आणि तें विसळण टाकून द्यावें. ब्युरेटलाहि हाच नियम. खालचें शंकुपात्र मात्र पाण्यानें ओलें असलें तरी हरकत नाहीं. मोजून आंत घेतलेले पाहुणे पाण्यानें कमी होत नाहींत. उलट तें व्हिनेगरनें विसळलें, तर न मोजलेले पाहुणे आंत शिरतात! तीन आकडे एकमेकांशीं जुळले होते, याचा अर्थ एकच चूक तीन वेळां झाली होती.

दुसऱ्या दिवशीं त्यानें वही दाखल केली नाहीं. शिक्षकांची परवानगी घेऊन प्रयोग पुन्हां केला. पहिला आकडा घाईचा, ६.८, मग ६.७, आणि पुन्हां ६.७. घरीं येतांच तो म्हणाला, “पाहिलेंत, काका? मीं लिहिलें होतें तेंच बरोबर निघालें!”

“बाटलींत खरोखरीच ३.९ टक्के आम्ल असतें,” मीं विचारलें, “तर तुझ्या वहीवरून तें कोणाला कळलें असतें?”

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

दोष एकट्या त्याचा नाहीं. मीहि पुष्कळ वर्षें अशा वह्या तपासल्या आहेत. अपेक्षित उत्तराजवळ आलेल्या आकड्याला मीं पुरे गुण दिले आणि दूर राहिलेल्याचे कापले. तो आकडा ब्युरेटवर वाचला कीं शेजारच्या वहींत, हें क्वचितच विचारलें. ज्या मुलानें चुकलेला आकडा तसाच ठेवून त्याचें कारण शोधलें, त्याला आम्हीं काय दिलें?

पुतण्यानें वहींत जुने ६.५ पुन्हां स्पष्ट लिहिले, शेजारीं पिपेटची हकीकत लिहिली, आणि खालीं नवें कोष्टक मांडलें. गुण किती मिळतात तें अद्याप कळलेलें नाहीं.

विद्यार्थी वाचकांसाठीं एक उदाहरण. कॉस्टिक सोडा हवेंतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. म्हणून केवळ वजन करून त्याच्या द्रावणाचा कस ठरवितां येत नाहीं, ऑक्झॅलिक आम्लानें तो पारखावा लागतो. या आम्लाच्या स्फटिकांचा एक मोल १२६ ग्रॅम भरतो, आणि हा पाहुणा दोन पत्रावळी मागतो. ०.६३ ग्रॅम स्फटिकांचें १०० मिलिलिटर द्रावण केलें. त्यांतील १० मिलिलिटरांस लिटरमागें ०.१ मोल असलेलें सोडियम हायड्रॉक्साइडचें द्रावण किती लागेल? उत्तर पुढील अंकीं देऊं. तोंवर मागच्या दारानें तें शोधूं नये.