खेळ, बाजार आणि निवृत्तिवेतन

वर्षारंभी, कधी १ जानेवारीस तर कधी पाडव्यास, दहा-वीस स्नेही एकत्र जमतात. प्रत्येकाने बाजारातील पाच कंपन्यांचे शेअर निवडावयाचे, त्यांवर कागदोपत्री सारखीच रक्कम लावावयाची, आणि बरोबर एक वर्षाने ज्याच्या पाच शेअरांची किंमत सर्वाधिक वाढली असेल त्यास विजयी घोषित करावयाचे. पैसा कोणाचाच जात नाही. फार तर शेवटी आलेल्याने इतरांस जेवण द्यावे, असा संकेत असतो. पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर पसरत गेलेल्या वाघोलीसारख्या वस्तीत, खराडीच्या संगणक-कंपन्यांत नोकरी करून उंच इमारतींत राहणाऱ्या तरुण कुटुंबांना असली करमणूक पत्त्यांच्या डावाइतकी सहज वाटू लागली असेल, तर त्यात नवल नाही.

या खेळाकडे पाहण्याची समाजवादी कार्यकर्त्याची ठरलेली रीत तुच्छतेची आहे. सट्टा तो सट्टाच, मग तो कागदावरचा का असेना, असे म्हणून तो विषय संपवितो. परंतु ज्या विषयाने मध्यमवर्गाच्या संध्याकाळी व्यापल्या आहेत, तो एका शेऱ्याने संपत नाही. या निरुपद्रवी खेळात काय शिकविले जाते आणि काय नजरेआड केले जाते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या वृत्तपत्राने २०१२ साली नेमकी अशीच वर्षभराची स्पर्धा योजिली होती. तीत तीन पक्ष होते : गुंतवणुकीचा व्यवसाय करणारे तज्ज्ञ, एका शाळेतील विद्यार्थी, आणि ऑर्लँडो नावाचे एक घरगुती मांजर. प्रत्येकास कागदोपत्री ५,००० पौंड दिले होते. मांजराची पद्धत सोपी होती. कंपन्यांना क्रमांक देऊन ते चौकटींत मांडले होते, आणि मांजराचा खेळण्यातला उंदीर ज्या चौकटीत पडेल ती कंपनी त्याची. वर्षअखेरीस मांजराचे ५,५४२ पौंड झाले, तज्ज्ञांचे ५,१७६, आणि विद्यार्थ्यांचे ४,८४०. वृत्तपत्राने ही गोष्ट विनोदाने छापली आणि वाचकांनी ती विनोदाने वाचली. तज्ज्ञांची फी मात्र त्यामुळे कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

हा केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावा, तर त्यामागे जुना वाद आहे. बर्टन माल्कियल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, डोळे बांधलेल्या माकडाने वर्तमानपत्राच्या शेअरभावांच्या पानावर बाण फेकून केलेली निवड तज्ज्ञांच्या निवडीइतकीच चांगली ठरेल. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९८८ पासून ही कल्पना प्रत्यक्षात आणली. १९९८ पर्यंत झालेल्या १०० लढतींपैकी ६१ तज्ज्ञांनी जिंकल्या. हा निकाल तज्ज्ञांच्या बाजूचा दिसतो. परंतु डाऊ जोन्स निर्देशांकाशी तुलना केली असता तेच तज्ज्ञ १०० पैकी अवघ्या ५१ वेळा पुढे राहिले. नाणे उडवून याहून फार वेगळे काही मिळाले नसते.

नाण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर तिचा हिशेब नीट मांडलेला बरा. बत्तीस माणसांनी दरवर्षी एकदा छापा-काट्याचा अंदाज करावयाचा असे ठरविले, तर पहिल्या वर्षी साधारण सोळांचा अंदाज बरोबर येईल, दुसऱ्या वर्षी त्यांतील आठांचा, मग चारांचा, मग दोघांचा, आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस बहुधा एक माणूस असा उरेल की ज्याचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. या माणसाने काहीही विशेष केलेले नाही. परंतु त्याच्याभोवती आता लोक जमतील, तो आपली ‘पद्धत’ समजावून सांगू लागेल, आणि त्यात लबाडी नसेल, कारण त्याचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसलेला असेल. उरलेल्या एकतीस जणांविषयी कोणी बोलत नाही. यशाला गुणवत्ता म्हणण्याची आणि अपयशाला आळस म्हणण्याची जी सवय आपल्या समाजव्यवस्थेच्या अंगी मुरली आहे, तिचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

याहूनही घातक शिकवण नियमांतच दडलेली आहे. पैसा कागदोपत्री असल्यामुळे शेवटच्या क्रमांकास आणि मधल्या क्रमांकास एकच शिक्षा, म्हणजे काहीच नाही. बक्षीस मात्र फक्त पहिल्यास. अशा स्पर्धेत शहाणा खेळाडू काय करील? तो सावध, जुनी, नियमित लाभांश देणारी कंपनी कधीच घेणार नाही. एका वर्षात तिप्पट होईल किंवा मातीत जाईल, अशीच कंपनी तो शोधील, कारण माती झाली तरी त्याचे काही जात नाही. म्हणजे स्पर्धा जिंकण्याची वाट आणि संसाराचा पैसा बुडविण्याची वाट एकच होय. पाठ गिरविला जातो तो कागदावर. पण हात त्या वळणाला लागतो.

हात त्या वळणाला लागल्यावर काय होते, याचे आकडे कोणा डाव्या पुस्तिकेतले नाहीत, खुद्द बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’चे आहेत. फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांचा अभ्यास तिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. खर्चासह तो दरमाणशी सरासरी सुमारे २ लाख रुपये होता आणि एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळविणारे केवळ १ टक्का. या लोकांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे नोंदविले होते, आणि तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले होते. हा पैसा हवेत विरला नाही. २०२३-२४ या एकाच वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३,००० कोटींचा आणि परकीय गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८,००० कोटींचा ढोबळ नफा कमावला. त्यातील बहुतेक सगळा संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांतून आला. पुढील वर्षी, २०२४-२५ मध्ये, सामान्य व्यक्तींचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपयांवर पोहोचला. छोट्या पगारदाराच्या खिशातून मोठ्या भांडवलाच्या तिजोरीकडे वाहणारा हा प्रवाह नियामकाच्याच कागदांवर मोजलेला आहे, त्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

‘सेबी’ने २०१६ मध्ये बक्षिसांच्या शेअर-स्पर्धांविषयी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअरभावांवर चालविलेल्या आभासी खेळांविषयी लोकांस सावध केले, हे योग्यच झाले. स्नेह्यांच्या गच्चीवरील निखळ खेळ हा काही त्या इशाऱ्यांचा रोख नव्हे, आणि त्यावर पोलीस पाठवावेत असे कोणी म्हणणार नाही.

मग कार्यकर्त्याने या विषयात पडावे कशासाठी? न खेळणाराही हरतो, एवढ्यासाठी. मुंबईने हे १८६५ मध्येच पाहिले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर बॅक बे भरणीच्या आणि इतर कंपन्यांच्या शेअरांचे वेड पसरले, आणि युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली. ज्यांनी आयुष्यात शेअर पाहिला नव्हता, त्यांचेही व्यापार आणि ठेवी तिच्याबरोबर गेल्या.

आज ही गोष्ट अपघाताने नव्हे, तर धोरणाने घडते. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ नंतर आलेल्यांस आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेल्यांस निश्चित निवृत्तिवेतन नाकारून अंशदायी योजनेत घालण्यात आले. पगारातून दरमहा रक्कम कापली जाईल, ती बाजारात गुंतविली जाईल, आणि निवृत्तीच्या दिवशी बाजाराची जी अवस्था असेल तिच्यावर म्हातारपण ठरेल, असा त्याचा अर्थ. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीनेही ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींचा काही भाग निर्देशांकावर आधारित फंडांत घालण्यास आरंभ केला. तो भाग ५ टक्क्यांवरून दोनच वर्षांत १५ टक्क्यांवर नेण्यात आला. निधीचे व्याज दरवर्षी जाहीर होत असल्याने तेथे धक्का सौम्य लागतो, हे खरे. परंतु नफ्याच्या वेळी ज्यांचे मत कोणी विचारीत नाही त्या कामगारांचा पैसा त्यांच्या संमतीवाचून बाजारात उतरला आहे, हेही तितकेच खरे.

गच्चीवरच्या स्पर्धेत आणि या स्पर्धेत फरक आहे. त्या खेळातून पुढच्या पाडव्यास अंग काढून घेता येते. शिक्षकास, परिचारिकेस, तलाठ्यास ती मोकळीक नाही. त्यांची निवृत्तीची तारीख जन्मतारखेने ठरलेली आहे, बाजाराच्या तेजीने नव्हे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लक्षावधी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले. त्यांस तेव्हा ऐतखाऊ ठरविणाऱ्या अग्रलेखांतून या फरकाचा उल्लेख फारसा दिसला नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पंचवीस वर्षांच्या सेवेस शेवटच्या बारा महिन्यांच्या मूळ वेतनाच्या सरासरीच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारी एकीकृत योजना जाहीर केली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती लागलीच स्वीकारली. बाजारावर सोपविलेले म्हातारपण लोकांना मान्य नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती. असंघटितांस मात्र ना हमी, ना संप.

आणि असंघटित म्हणजे कोण, हे पाहण्यास वाघोलीतून बाहेर जावे लागत नाही. याच परिसरातील दगडखाणींच्या खडीने पुण्याच्या इमारती उभ्या राहिल्या. स्पर्धेच्या तक्त्यात सिमेंट आणि बांधकाम ही नेहमीची आवडती क्षेत्रे होत. त्यांच्या रकान्यात टक्केवारी वर चढते तेव्हा टाळ्या पडतात. २२ डिसेंबर २०२४ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजूर कुटुंबांच्या अंगावरून मद्यपी चालकाचा डंपर गेला आणि दोन चिमुकल्यांसह तिघे ठार झाले. ही माणसे कामाच्या शोधात अमरावती जिल्ह्यातून आली होती. या मृत्यूंचा दोष बाजारातील कोणा कंपनीवर लादता येणार नाही. परंतु बांधकामाच्या मजुरास रात्री निजण्यास पदपथ का लागतो, हा प्रश्न त्या धंद्याच्या हिशेबाबाहेरचा नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी बसविला. त्याचा लाभ घेण्यासाठी नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. आज या मुकादमाकडे, उद्या त्या अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्यास तो दाखला कोणी द्यावा?

शेअर म्हणजे कोणाच्या तरी श्रमातून निघणाऱ्या नफ्यावरचा हक्क. वर्षअखेरच्या तक्त्यात हक्काचा भाव तेवढा उरतो, श्रम पुसले जातात. संगणक-कंपनीतील तरुणाच्या बाबतीत तर हे पुसणे स्वतःवरच उलटते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये आपल्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक जागा कमी करण्याचे जाहीर केले. अशा बातमीचा भावावर काय परिणाम होईल, याचा अंदाज करीत बसलेल्या खेळाडूंत ज्याची जागा जाणार आहे तोही असू शकतो.

तेव्हा हा खेळ बंद पाडण्यापेक्षा त्याचा तक्ता वाढविणे अधिक शहाणपणाचे होईल, आणि त्याची साधने हाताशी आहेत. बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांस २०२२-२३ पासून आपल्या वार्षिक अहवालासोबत सामाजिक जबाबदारीचा विस्तृत तपशील द्यावा लागतो. कायम कामगार किती, कायम नसलेले किती, किमान वेतनापेक्षा अधिक किती जणांस मिळते, कामावर असताना मृत्यू किती झाले, हे सारे त्यात असते. कंपनी कायद्याच्या कलम १९७ प्रमाणे संचालकाचा पगार मध्यम कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट, हेही छापावे लागते. कंत्राटदाराच्या खालच्या कंत्राटदाराकडील मजूर या आकड्यांतूनही निसटतो. त्याची नोंद अभ्यास मंडळानेच ठेवावी लागेल. वाघोलीतील कार्यकर्त्यांनी गच्चीवरच्या त्या मंडळीत जाऊन बसावे, त्यांनी निवडलेल्या पाच कंपन्यांचे अहवाल उघडावे, आणि भावाच्या रकान्याशेजारी हे चार रकाने आखून द्यावेत. पहिली कंपनी सिमेंटची घ्यावी, म्हणजे खाणीपर्यंत चालत जाता येईल.